आहारातील स्निग्ध पदार्थ : भिलाईच्या निमित्ताने

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारानुसार दुर्ग जिल्ह्यातील भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले. हा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेश राज्यात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि पुढे हा कारखाना भारतीय रेल्वेला रूळ पुरविणारा प्रमुख कारखाना ठरला. १ नोव्हेंबर २००० पासून भिलाई छत्तीसगड राज्यात आहे.

भातशेतीच्या प्रदेशात एकाएकी वसलेल्या या नगरात काम करण्यासाठी देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. भिलाईला ‘लघुभारत’ असे म्हणण्याची पद्धत पडली ती त्यामुळेच. ही कुटुंबे येताना आपापली भाषा, सण आणि स्वयंपाकाची रीत घेऊन आली. आणि स्वयंपाकाच्या रीतीत जर कोणती एक गोष्ट माणूस सहजासहजी सोडत नसेल, तर ती म्हणजे फोडणीचे तेल. केरळातील कुटुंबाला खोबरेलावाचून जेवण गोड लागत नाही. बंगाली व बिहारी घरांत मोहरीचे तेल हवे. आंध्र व तामिळनाडूकडील लोकांना तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल सवयीचे. पंजाबी घरात तूप व लोणी. नागपूर-वर्ध्याकडून आलेल्या मराठी कुटुंबात शेंगदाण्याबरोबर जवस आणि करडई. मूळच्या छत्तीसगडी खेड्यात मात्र तेलाचा वापर बेताचाच असे. भात, बासी म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, पालेभाजी, टोमॅटोची चटणी हा रोजचा आहार. तळण व्हायचे ते तीज-पोळ्यासारख्या सणाला, ठेठरी, खुरमी आणि अइरसा करताना. (अइरसा आणि महाराष्ट्रातील अनारसा ही सख्खी भावंडेच आहेत.)

एकाच नगरात, एकाच प्रकारच्या कामावर जाणारे लोक इतकी निरनिराळी तेले खात असतील, तर त्यांच्या प्रकृतीवर त्याचा निरनिराळा परिणाम होतो काय? प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. हृदयविकाराचा पहिला झटका दक्षिण आशियातील माणसाला इतर देशांतील माणसापेक्षा लवकर येतो, असे ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ नावाच्या मोठ्या पाहणीत आढळले. या पाहणीचे २००७ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे सांगतात की दक्षिण आशियात पहिल्या झटक्याचे सरासरी वय ५३ वर्षे आहे, तर इतरत्र ते सुमारे ५९ आहे. ही सहा वर्षे कुटुंबातील मिळवत्या माणसाच्या ऐन कामाच्या वयातील आहेत.

तेल आणि तूप यांत फरक कशाचा?

रसायनशास्त्राच्या दृष्टीने खोबरेल, तूप, करडईचे तेल आणि डुकराची चरबी हे एकाच कुळातील पदार्थ आहेत. ग्लिसरीनच्या एका रेणूला वसाम्लांच्या तीन साखळ्या जोडल्या की स्निग्ध पदार्थाचा रेणू तयार होतो. भेद असतो तो या साखळ्यांमध्ये. वसाम्लाची साखळी कार्बनच्या अणूंची बनलेली असते. ज्या साखळीतील प्रत्येक कार्बनाला जोडता येतील तितके सर्व हायड्रोजन अणू जोडलेले आहेत ती साखळी ‘संपृक्त’ होय. जिच्यात एखाद्या ठिकाणी दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध आहे आणि तेवढे हायड्रोजन कमी आहेत, ती ‘असंपृक्त’.

या दोहोंचा आकार कसा असतो ते भिलाईच्याच उदाहरणाने समजेल. कारखान्याच्या आवारात सरळ रूळ एकावर एक रचले तर त्यांची घट्ट रास होते. त्यांतील काही रूळ मध्येच वाकलेले असतील, तर रास नीट लागत नाही, फटी राहतात. संपृक्त साखळ्या सरळ असतात, म्हणून त्या एकमेकींना चिकटून बसतात आणि पदार्थ थंडीत थिजतो. तूप आणि खोबरेल हिवाळ्यात घट्ट होतात ते यामुळे. असंपृक्त साखळी दुहेरी बंधाच्या जागी वाकलेली असते. ती इतरांशी जुळून बसत नाही, आणि म्हणून करडईचे वा जवसाचे तेल कडाक्याच्या थंडीतही पातळ राहते. दुहेरी बंध एकच असेल तर ते एक-असंपृक्त वसाम्ल, दोन किंवा अधिक असतील तर बहु-असंपृक्त.

कोणतेही नैसर्गिक तेल निव्वळ एकाच प्रकारचे नसते. प्रमाण तेवढे बदलते. खोबरेलात शेकडा ९० च्या आसपास वसाम्ले संपृक्त असतात. तुपात ती शेकडा ६० हून अधिक, आणि पामतेलात जवळजवळ निम्मी. शेंगदाण्याच्या व तिळाच्या तेलात संपृक्त भाग शेकडा १५ ते २० इतकाच असून उरलेला भाग एक-असंपृक्त आणि बहु-असंपृक्त यांत वाटलेला असतो. करडईच्या नेहमीच्या तेलात लिनोलेइक हे बहु-असंपृक्त वसाम्ल शेकडा ७५ पर्यंत भरते. मोहरीचे तेल यांत काहीसे वेगळे आहे. त्यात इरुसिक नावाचे लांब साखळीचे एक वसाम्ल मोठ्या प्रमाणात असते, आणि बहुतेक तेलांत जवळजवळ नसलेले अल्फा-लिनोलेनिक वसाम्लही त्यात शेकडा १० च्या सुमारास मिळते.

स्निग्ध पदार्थांवाचून शरीराचे चालत नाही. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून किंवा प्रथिनापासून ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तेलापासून ९. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे आतड्यात शोषली जावयाची तर आहारात थोडा स्निग्ध अंश असावाच लागतो. तेलाचा थेंबही नसलेल्या गाजराचा डोळ्यांना म्हणावा तितका उपयोग होत नाही. १९२९ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धरहित आहारावर ठेवले, तेव्हा त्यांची कातडी खवल्यांसारखी झाली, शेपट्या झडू लागल्या आणि वाढ खुंटली. लिनोलेइक वसाम्ल दिल्यावर ते सुधारले. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन वसाम्ले मानवी शरीर स्वतः बनवू शकत नाही. ती अन्नातूनच यावी लागतात.

वाढत्या देहाचे माप आणि उतरत्या वयाचे माप

निरनिराळ्या प्रांतांच्या आहारांची तुलना भारतात फार पूर्वी झालेली आहे. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उंदरांचे निरनिराळे गट पाडून त्यांना शीख, पठाण, मराठा, बंगाली, मद्रासी इत्यादी लोकांच्या चालीचे अन्न खाऊ घातले. गहू, दूध, लोणी, डाळी व भाजीपाला असलेल्या शीख आहारावरील उंदीर सर्वांत धष्टपुष्ट झाले. पठाण व मराठा आहार त्यांच्या खालोखाल ठरले. आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळावर भर असलेला मद्रासी आहार शेवटी राहिला. याच प्रयोगशाळेचे पुढे हैदराबादला स्थलांतर झाले आणि ती राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने प्रसिद्धीस आली.

या प्रयोगाचा निष्कर्ष त्या काळाच्या प्रश्नाला धरून होता. देशापुढे उपासमार आणि खुरटलेली मुले होती. म्हणून शरीर किती वाढते हे माप लावले गेले. पन्नाशीच्या माणसाच्या हृदयातील रोहिण्यांची स्थिती हे माप अगदीच वेगळे आहे. मुलाला जोमाने वाढविणारा आहार त्याच प्रमाणात प्रौढाला मानवेल असे गृहीत धरता येत नाही. दूध-तुपाविषयी घराघरांत जे वाद होतात, त्यांतील पुष्कळसे या दोन मापांची गल्लत झाल्यामुळे होतात.

दुसऱ्या मापाचा शोध १९१३ साली रशियातील सेंट पीटर्झबर्ग येथे निकोलाय आनिच्कोव्ह यांच्या प्रयोगांनी सुरू झाला असे म्हणता येईल. त्यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या रोहिण्यांच्या भिंतींवर मेदाचे थर साचल्याचे दाखविले. ससा मूळचा शाकाहारी. त्याच्या बाबतीत जे घडते ते माणसात तसेच्या तसे घडत नाही, हा आक्षेप त्या वेळी घेतला गेला आणि तो काही अंशी खराही होता. माणसाच्या रक्तातील कोलेस्टेरॉल मुख्यतः त्याच्या यकृतातच तयार होते. अन्नातील कोलेस्टेरॉलपेक्षा अन्नातील संपृक्त वसाम्लांचा परिणाम त्यावर अधिक होतो.

तो कसा होतो, हे कळण्यास बरीच वर्षे लागली. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून ते प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळून नेले जाते. या गाठोड्यांपैकी कमी घनतेची गाठोडी रोहिणीच्या भिंतीत शिरून तेथे अडकतात. त्यांच्याभोवती पेशी जमतात, थर वाढतो, आणि एखादे दिवशी तो फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली की हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. अधिक घनतेची गाठोडी उलट दिशेने, म्हणजे यकृताकडे, कोलेस्टेरॉल परत नेतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहके शोधून काढली. कमी घनतेची गाठोडी रक्तातून उचलून घेण्याचे काम ही ग्राहके करतात, आणि त्यांतील बहुतेक काम यकृतात होते. या शोधासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आहारात संपृक्त वसाम्ले फार झाली की यकृतातील या ग्राहकांचे कार्य मंदावते. गाठोडी रक्तात अधिक काळ फिरत राहतात. संपृक्ताच्या जागी बहु-असंपृक्त वसाम्ले आली की हे कार्य सुधारते.

रेल्वेच्या नोंदवहीतील कोडे

इतके कळल्यावर असे वाटेल की जेथे तूप अधिक खाल्ले जाते तेथे हृदयविकार अधिक असणार. भारतात केलेल्या एका पाहणीचा निष्कर्ष मात्र याच्या अगदी उलट निघाला. डॉ. एस. एल. मल्होत्रा हे मुंबई येथे पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होते. रेल्वेचे नोकर देशभर विखुरलेले, त्यांच्या आजाराच्या व मृत्यूच्या नोंदी व्यवस्थित ठेवलेल्या. अशी सोय दुसरीकडे मिळणे कठीण. अकरा लाखांहून अधिक नोकरांच्या १९५८ ते १९६२ या काळातील नोंदी त्यांनी तपासल्या आणि १९६७ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. दक्षिणेकडील नोकरांमध्ये हृद्रोहिणीच्या विकाराने होणारे मृत्यू उत्तरेकडील नोकरांच्या सुमारे सात पट होते. आणि उत्तरेकडचे लोक तर दक्षिणेकडच्यांपेक्षा कितीतरी पट अधिक स्निग्ध पदार्थ खात होते, तेही मुख्यतः दूध व तूप यांतून आलेले.

या पाहणीचा आधार घेऊन तूप हृदयाला हितकर आहे असे आजही सांगितले जाते. हे म्हणणे पुराव्यापेक्षा फार पुढे जाते. मल्होत्रा यांनी स्वतः दुधातील आखूड साखळीच्या वसाम्लांकडे आणि जेवण्याच्या रीतीकडे बोट दाखविले होते. पण अशा पाहणीत दोन प्रदेशांतील माणसे केवळ तुपाच्या वाटीने वेगळी नसतात. एकीकडे गहू व कडधान्ये, दुसरीकडे सडलेला तांदूळ, श्रम वेगळे, तंबाखूची सवय वेगळी, मृत्यूचे कारण नोंदविणारे डॉक्टरही वेगळे. या पाहणीने एवढे निश्चित दाखविले की निव्वळ स्निग्ध पदार्थ किती खाल्ले या आकड्यावरून हृदयाचे भवितव्य सांगता येत नाही. ही गोष्ट लहान नाही, कारण त्याच सुमारास पश्चिमेकडे आहारातील एकंदर स्निग्धांश कमी करावा असा सरसकट सल्ला रूढ होऊ लागला होता. पुढच्या संशोधनाने हा सरसकट सल्ला मागे पडला आणि स्निग्ध पदार्थ कोणत्या जातीचा, व तो कमी केल्यास त्याच्या जागी ताटात काय येते, हे प्रश्न पुढे आले.

भारताच्या दृष्टीने यांतील दुसरा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. तेल कमी केले आणि भात किंवा साखर वाढविली, तर रक्तातील ट्रायग्लिसराइडे वाढतात आणि अधिक घनतेची, म्हणजे उपकारक, गाठोडी घटतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशभर केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शेकडा ८१ प्रौढांच्या रक्तातील स्निग्धांचे एखादे तरी प्रमाण बिघडलेले आढळले. उपकारक गाठोड्यांची कमतरता हा त्यांतील सर्वांत सामान्य बिघाड होता. ज्या देशात माणसाचे निम्म्याहून कितीतरी अधिक उष्मांक तांदूळ, गहू आणि साखर यांतून येतात, तेथे हे आश्चर्याचे नाही. भाताच्या ताटातून तेलाचा चमचा काढून भाताची मूद वाढविणाऱ्याला हृदयाच्या दृष्टीने फारसे काही मिळत नाही. डाळ, हरभरा, शेंगदाणे किंवा मासे वाढविणाऱ्याला मिळते.

श्रम बदलले, ताट बदलले नाही

१९५० च्या दशकाच्या अखेरीस भिलाईचा कारखाना उभा राहात असताना माती वाहणाऱ्या, विटा रचणाऱ्या व लोखंड ओढणाऱ्या मजुराला स्निग्ध पदार्थ अधिक झाले अशी भीती कोणी घातली असती, तर ती हास्यास्पद ठरली असती. परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या, जड श्रम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३,४७० उष्मांक लागतात; बैठे काम करणाऱ्याला २,११०. म्हणजे एकाच बांध्याच्या दोन माणसांत १,३६० उष्मांकांचा फरक केवळ कामामुळे पडतो. फोडणी, तळण व पोळीवरचे तूप असे डोळ्यांना दिसणारे स्निग्ध पदार्थ पहिल्याने दिवसाला ४० ग्रॅमपर्यंत घ्यावेत, दुसऱ्याने २५; बैठे काम करणाऱ्या स्त्रीने २०. बैठ्या प्रौढ माणसाला हे महिन्याला पाऊण किलोच्या आत येते. घरात महिन्याकाठी किती तेल आणले जाते आणि जेवणारी तोंडे किती, याचा भागाकार कोणालाही करता येईल. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

जुन्या कामगाराचा नातू नियंत्रणकक्षात पडद्यासमोर बसतो किंवा कचेरीत काम करतो. आजोबांच्या ताटातील भाताचा ढीग त्याच्याही ताटात असतो, आणि त्यात संध्याकाळचे समोसे, भजी व पाकिटातील खारे पदार्थ यांची भर पडलेली असते. १९९० च्या सुमारास दिल्ली शहर आणि जवळचा हरियाणातील ग्रामीण भाग यांची तुलना झाली, तेव्हा शहरात हृद्रोहिणीच्या विकाराचे प्रमाण खेड्याच्या तिपटीहून अधिक आढळले. खेड्यातून नगरात येणे हा बदल भिलाईत एका पिढीतच घडून आला.

वनस्पती तूप

या बदलाच्या काळात ज्या एका पदार्थाने भारतीय स्वयंपाकघरात घर केले, त्याचा इतिहास बोधप्रद आहे. निकेल धातूच्या साहाय्याने असंपृक्त पदार्थांत हायड्रोजन भरण्याची क्रिया फ्रेंच रसायनज्ञ पॉल साबात्ये यांनी शोधली; १९१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना यासाठीच मिळाले. जर्मनीतील विल्हेल्म नॉर्मान यांनी ती पातळ तेलांना लावली आणि १९०२ मध्ये तिचे एकस्व घेतले. स्वस्त तेल तुपासारखे घट्ट व रवाळ होऊ लागले. भारतात ‘डालडा’ हे वनस्पती तूप १९३७ साली बाजारात आले आणि हे नाव इतके रूढ झाले की पुढे कोणत्याही वनस्पती तुपाला लोक डालडाच म्हणू लागले. शुद्ध तुपात त्याची भेसळ होत असे. ती ओळखता यावी म्हणून वनस्पती तुपात ठरावीक प्रमाणात तिळाचे तेल मिसळणे कायद्याने बंधनकारक करण्यात आले होते. तिळाचे तेल असले की आम्ल व साखर यांच्या कसोटीत गुलाबी-तांबडा रंग येतो, आणि लबाडी उघडी पडते.

खरा दोष मात्र भेसळीत नव्हता. हायड्रोजन भरण्याची क्रिया अर्ध्यावर थांबविली की काही दुहेरी बंध शिल्लक राहतात, पण त्यांची रचना उलटते. वाकलेला रूळ भट्टीत घालून जवळजवळ सरळ करावा तसा हा प्रकार होय. अशा साखळ्यांना विपक्ष किंवा ट्रान्स वसाम्ले म्हणतात. नावाने ती असंपृक्त, पण आकाराने सरळ, आणि म्हणून घट्ट राशीत बसणारी. जुन्या वनस्पती तुपात ती शेकडा ३० आणि त्याहूनही अधिक आढळली आहेत. १९९० मध्ये नेदरलंड्‌समधील मेन्सिंक आणि काटान या शास्त्रज्ञांनी निरोगी माणसांना ही वसाम्ले मोजून दिली, तेव्हा कमी घनतेची अपायकारक गाठोडी वाढली आणि त्याच वेळी अधिक घनतेची उपकारक गाठोडी घटली. संपृक्त वसाम्लांत हा दुहेरी तोटा नाही. जो पदार्थ तुपाला निर्धोक व स्वस्त पर्याय म्हणून विकला गेला, तो तुपापेक्षा वाईट निघाला.

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने तेले व वनस्पती तुपातील ट्रान्स वसाम्लांची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली. २०२१ मध्ये ती शेकडा ३ झाली आणि जानेवारी २०२२ पासून शेकडा २. आता वनस्पती तूप पुष्कळदा पामतेलाचे घट्ट भाग वापरून बनविले जाते. त्यात ट्रान्स वसाम्ले कमी, परंतु संपृक्त अधिक; म्हणजे धोका मोठा होता तो लहान झाला, नाहीसा झाला नाही. बिस्किटे, खारी, पाव-बटर, मिठाई यांच्या वेष्टनावर ‘वनस्पती स्निग्ध’ किंवा ‘पामतेल’ हे शब्द बारीक अक्षरांत असतात. ते वाचण्याची सवय शाळेतील मुलांनाही लावता येईल.

तेल पुनःपुन्हा तापविल्यानेही त्याची रचना बिघडते. रस्त्यावरील कढईत काळसर, घट्ट व फेसाळ झालेले तेल असते त्यात विघटनाने तयार झालेली संयुगे साचलेली असतात. अशा ध्रुवीय संयुगांचे प्रमाण शेकडा २५ च्या वर गेलेले तेल वापरण्यास १ जुलै २०१८ पासून मनाई आहे. घरी कढईतील उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजीला वापरून संपवावे आणि त्यात पुन्हा तळू नये, एवढे पथ्य पुरेसे आहे.

भोवतालच्या मुलखातील तीन तेले

खुद्द छत्तीसगडच्या मातीतून येणारी तेले भिलाईच्या बाजारात फारशी पुढे नसतात, ही खेदाची गोष्ट आहे. मोहाच्या फुलांची कीर्ती सर्वांना आहे, पण त्याच झाडाच्या बिया, ज्यांना येथे ‘टोरा’ म्हणतात, घाण्यावर पिळून बस्तरमधील आदिवासी घरांत स्वयंपाकाचे तेल काढतात. ते थंडीत लोण्यासारखे थिजते, कारण त्यातील जवळजवळ निम्मी वसाम्ले संपृक्त आहेत. तथापि या संपृक्त भागात स्टीअरिक वसाम्लाचा वाटा मोठा आहे. आणि स्टीअरिक वसाम्ल पामतेलातील पामिटिक वसाम्लाप्रमाणे रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवीत नाही. सर्व संपृक्त वसाम्ले एका मापाने मोजू नयेत, याचे हे घरचेच उदाहरण.

दुसरे तेल भाताच्या कोंड्याचे. छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात, आणि भात सडताना निघणाऱ्या कोंड्यात शेकडा १५ ते २० तेल असते. अडचण अशी की दाणा सडला जाताच कोंड्यातील एक विकर तेलावर तुटून पडते आणि काही तासांतच ते खवट होऊ लागते. म्हणून कोंडा लगेच वाफेने तापवून स्थिर करावा लागतो. पूर्वी हा कोंडा जनावरांपुढे जाई किंवा त्याच्या तेलाचा साबण होई. शुद्ध केलेल्या कोंडातेलात एक-असंपृक्त व बहु-असंपृक्त वसाम्ले मिळून तीन-चतुर्थांशाहून अधिक असतात, शिवाय ओरिझॅनॉल नावाचा घटक असतो, आणि अपायकारक गाठोड्यांचे प्रमाण त्याने काहीसे खाली येते असे प्रयोगांत दिसले आहे. तळणीलाही ते टिकाऊ आहे. राष्ट्रीय पोषण संस्था घरात एकच तेल न वापरता दोन-तीन प्रकारची तेले आलटून-पालटून वापरावीत असे सुचविते; कारण कोणत्याही एका तेलात सर्व आवश्यक वसाम्ले योग्य प्रमाणात नसतात. करडई किंवा सूर्यफूल यांबरोबर मोहरी, शेंगदाण्याबरोबर कोंडातेल, अशा जोड्या घालता येतात. भिलाईसारख्या नगरात शेजाऱ्याकडचे तेल हेच आपल्या घरचे दुसरे तेल होऊ शकते.

तिसरे म्हणजे जवस. छत्तीसगडात उभ्या भातात, कापणीपूर्वी, ओल्या रानात जवसाचे बी फेकून देतात. या पद्धतीला ‘उतेरा’ म्हणतात. नांगरट नाही, पाण्याची पाळी नाही. भाताने मागे ठेवलेल्या ओलीवर पीक येते. या इवल्याशा दाण्याच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक वसाम्ल निम्म्याच्या आसपास असते. आपल्याकडील दुसऱ्या कोणत्याही खाद्यतेलात ते इतके नाही. मासे न खाणाऱ्या कुटुंबाला या वसाम्लाचा हा सर्वांत स्वस्त साठा होय. माशांच्या तेलातील लांब साखळीच्या वसाम्लांची बरोबरी तो करीत नाही, कारण शरीर त्यातील थोड्याच भागाचे तशा वसाम्लांत रूपांतर करू शकते. पण शरीराला जे मूळ वसाम्ल बाहेरून लागते ते यातून मिळते.

जवसाच्या तेलाचा गुण आणि दोष एकाच ठिकाणी आहे. तीन दुहेरी बंध असलेली साखळी हवेतील ऑक्सिजन झपाट्याने ओढून घेते. रंगारी आणि चित्रकार ते रंगात घालतात आणि काही दिवसांत त्याचा कडक पापुद्रा धरतो, तो याच गुणामुळे. कढईत मात्र हाच दोष ठरतो. म्हणून जवस तळणीसाठी वापरू नये. विदर्भातील घरांत चालत आलेली जवसाची चटणी ही त्यावरची उत्तम तोड आहे. दाणे अख्खे गिळले तर ते न पचता तसेच बाहेर पडतात, म्हणून ते मंद आचेवर भाजून, मीठ-मिरची व लसूण घालून कुटावे लागतात. कुटल्यावर त्यांतील तेल हवेला उघडे पडते. तेव्हा चटणी आठवडाभर पुरेल इतकीच करावी, घट्ट झाकणाच्या बरणीत अंधाऱ्या जागी ठेवावी, आणि रंगासारखा उग्र वास येऊ लागला तर ती टाकून द्यावी.